पुरावा कुणी द्यायचा?

(सिल्लोड इथे वनहक्क समिती सदस्यांच्या शिबिरात पहिल्या दिवशी झालेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाडी-वस्तीवर इतरांना वाचून दाखवावं.)



काल संध्याकाळपासून जो भेटतो तो एकच विचारतो. ताई, पुरावा कोणता लावायचा? रेशनकार्ड चालंल का? बाप गेला, त्याच्या नावाची पावती हाये, ती चालंल का? एक आजी तर म्हणाली, "माझे केस पांढरे झाले त्या रानात, यापेक्षा मोठा पुरावा कोन्ता आनू?" सगळे हसले. पण आजीचं बोलणं कायद्याला धरूनच होतं, ते शेवटी सांगते.

कोणता कागद जोडायचा हे दुपारच्या सत्रात बघू. सकाळच्या या तासाभरात मला तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. नाव वसुधा धागमवार. आडनाव मराठी मुलखातलं. कायदा शिकवणारी, कायद्यावर जाडजाड इंग्रजी पुस्तकं लिहिणारी बाई. तुम्ही म्हणाल, आमच्या रानाचं बोला, प्रोफेसरणीचं काय करायचं? तर या बाईने आयुष्यभर जो प्रश्न धरून ठेवला, तोच तुमचा प्रश्न आहे. आदिवासी माणूस सरकारच्या दारात उभा राहिला की पुरावा त्यालाच का मागतात? आणि त्याने दिलेला पुरावा पुरावा का धरत नाहीत?

सुरुवात वसुधाताईंपासून करता येणार नाही. एका पोरीपासून करावी लागेल.

आत्ताच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज आहे, त्यालाच वडसा म्हणतात. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथली एक आदिवासी पोरगी. आईबाप लहानपणीच गेलेले. भाऊ मजुरी करायचा, तीही लोकांच्या घरी कामाला जायची. वय डॉक्टरच्या अंदाजाने चौदा ते सोळा. कोर्टाच्या कागदांत आणि पुढे देशभर ती 'मथुरा' या नावाने ओळखली गेली, म्हणून मीही तेच नाव घेते. घरात काही भांडण झालं, भावाने पोलिसात तक्रार दिली, आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाले. रात्र बरीच झाली होती. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि पोरीला मागे ठेवून घेतलं. भाऊ बाहेर उभा. आत दिवे बंद. ठाण्यातल्या पोलिसांनीच तिच्यावर अत्याचार केला.

बाहेर लोक जमले, आरडाओरडा झाला, म्हणून तक्रार तरी लिहिली गेली. नाहीतर तेवढंही झालं नसतं.

आता बघा कोर्टात काय झालं. जरा सावकाश सांगते, कारण सगळी गोम इथे आहे.

खालच्या कोर्टाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. म्हणे पोरगी खोटारडी आहे, तिचे आधीही संबंध होते, म्हणजे तिची संमती होती. नागपूरच्या हायकोर्टाने १९७६ साली हा निकाल फिरवला. हायकोर्टाचं म्हणणं साधं होतं, आपल्याला कुणालाही पटेल असं. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, अनोळखी पोलीस, पोरगी एकटी. भ्यालेलं माणूस गप्प बसलं म्हणजे ते राजी झालं असं होत नाही. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली.

मग प्रकरण दिल्लीला गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ ला दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण काय? अंगावर जखमेची खूण नाही. ओरडल्याचा पुरावा नाही. म्हणजे तिने विरोध केला नाही. म्हणजे तिची संमती नव्हती असं म्हणता येत नाही.

ऐकलं ना नीट? जखम दाखव, मग मानतो. आपल्याला काय म्हणतात? कागद दाखव, मग मानतो. ज्याच्या हातात काठी आहे त्याला कुणी विचारत नाही की बाबा, रात्री दहा-साडेदहाला ठाण्यात पोरीला कशाला ठेवलंस. ज्याने उभं पीक गुरं घालून चारलं त्याला कुणी विचारत नाही की तुझ्याकडे कुणाचा हुकूम होता. विचारायचं ते अंगठेबहाद्दराला.

हा निकाल छापील अहवालात गेला. असे शेकडो निकाल छापले जातात. वकील वाचतात, मास्तर वर्गात शिकवतात, पोरं परीक्षेपुरते पाठ करतात. हाही तसाच पाठ झाला असता. वर्ष जवळजवळ तसंच गेलंही.

१६ सप्टेंबर १९७९ ला चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं. उघडं पत्र म्हणजे पाकीट न लावलेलं, सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहिलेलं. चौघेही कायदा शिकवणारे. दिल्लीच्या लोतिका सरकार, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार.

पत्रात शिवीगाळ नव्हती. पण भीडही नव्हती. त्यांनी निकालाची एकेक ओळ धरून विचारलं. संमती आणि शरण जाणं यात फरक आहे, तो तुम्हाला का दिसला नाही? तरुण पोरीला रात्री ठाण्यात बोलावणं हेच मुळी कायद्याविरुद्ध आहे. बाईचा जबाब घ्यायचा तर पोलिसाने तिच्या घरी जायचं असतं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात तुमच्याच कोर्टाने याबद्दल पोलिसांना खडसावलं होतं. मग या निकालात त्यावर चकार शब्द का नाही? पोरीचे आधी कुणाशी संबंध होते म्हणून पोलिसांना मोकळीक मिळते का? आणि सगळ्यात लागणारा प्रश्न असा होता की ही पोरगी गरीब, अनाथ, मजूर नसती तर निकाल असाच लागला असता का? मोठं खंडपीठ बसवा आणि हे प्रकरण पुन्हा ऐका, अशी मागणी त्यांनी केली.

हे तुम्हाला सोपं वाटेल. पत्रच तर लिहिलं! पण विचार करा. कायद्याच्या मास्तराची रोजीरोटी कोर्टाच्या मानावर चालते. त्याचे विद्यार्थी वकील होतात, जज्ज होतात. सगळ्यात वरच्या कोर्टाला 'तुम्ही चुकलात' म्हणणं, तेही सगळ्यांसमोर, हे तेव्हा फारसं कुणी करत नसे. अवमानाचा खटला होण्याची भीती होतीच. आपल्या तालुक्याच्या कोर्टात साहेबासमोर वकिलाची मान किती खाली असते ते तुम्ही बघितलंय. त्यावरून अंदाज करा.

पत्राने निकाल बदलला का? नाही. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. मग काय झालं? पत्राच्या प्रती निघाल्या. आपल्या या बुलेटिनसारख्याच, हाताने चक्र फिरवून काढलेल्या. बायकांच्या गटांनी वाचल्या, भाषांतर केलं. ८ मार्च १९८० ला मुंबई, नागपूर, पुणे, दिल्ली अशा शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला. सरकारला कायदा बदलावा लागला. १९८३ साली बदलला.

काय बदललं ते ध्यानात ठेवा, कारण दुपारी उपयोगी पडेल. पोलीस ठाण्यात, तुरुंगात, सरकारी दवाखान्यात, म्हणजे बाई सरकारच्या ताब्यात असताना सरकारी माणसाने बलात्कार केला, तर शिक्षा वाढली. दहा वर्षांच्या खाली नाही. बाईचं नाव छापायचं नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली 'माझी संमती नव्हती', तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं. संमती होती हे दाखवायचा भार आता त्याच्यावर. पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ म्हणून हे आलं.

तराजू उलटा झाला, बघा. आधी दुबळ्याने सिद्ध करायचं होतं. आता ज्याच्या हातात ताबा, त्याने सिद्ध करायचं.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. मथुरेला स्वतःला यातलं काहीच मिळालं नाही. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही. ते पोलीस सुटले ते सुटलेच. तिच्या नावाने देशात कायदा झाला आणि ती मजुरीच करत राहिली. मोठ्या शहरातल्या सभांमध्ये हे कुणी फारसं बोलत नाही. आपण बोललं पाहिजे. आपल्या माणसाच्या दुःखावर कायदा होतो आणि आपलं माणूस तिथेच राहतं, हे काही एकदाच घडलेलं नाही.

आता वसुधाताईंच्या दुसऱ्या एका कामाकडे येते. हे फार जणांना ठाऊक नाही आणि मला ते पत्राइतकंच मोठं वाटतं.

झारखंडात, तेव्हाच्या बिहारात, संथाल परगणा म्हणून भाग आहे. तिथे डोंगरावर पहाडिया नावाची आदिवासी जमात राहते. आपल्याकडे डोंगरातला भिल्ल तसे ते. वसुधाताई त्या भागात अभ्यासाला गेल्या होत्या. कायदा आदिवासीपर्यंत पोचतो तेव्हा त्याचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास. पाकूर नावाच्या गावी छोटा तुरुंग आहे. तिथे त्यांना चार पहाडिया पोरं सापडली. नोव्हेंबर १९७२ मध्ये पकडलेली. आठ वर्षं झाली होती, खटला संपलेला नाही. संपायचं सोडा, नीट चाललेलाही नाही. पायात बेड्या, आणि तुरुंगाबाहेर कामाला जुंपत होते. दोषी ठरली नव्हती, हे लक्षात घ्या. कच्चे कैदी.

आठ वर्षं म्हणजे काय? तुमच्या पोराचं वय मोजा. पाळण्यातलं पोरगं तिसरीत जातं.

आणि ही पोरं कुणाला दिसत नव्हती असं नाही. जेलर रोज बघत होता. मॅजिस्ट्रेटच्या रजिस्टरात तारखा पडत होत्या. त्यांची भाषा कुणाला येत नव्हती, आणि त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं. वसुधाताईंनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. कद्रा पहाडिया खटला म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. न्यायमूर्ती भगवतींनी आपल्या न्यायव्यवस्थेची लाज काढली. वकील द्या, खटला रोजच्या रोज चालवा असा हुकूम दिला. वेळेत खटला चालणं हा कैद्याचा हक्क आहे, आणि तो मिळत नसेल तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू शकतो, हे त्या निकालाने पक्कं केलं.

त्या काळात असं चालू झालं होतं. गरीब माणसासाठी कुणीही साधं पत्र लिहिलं तरी कोर्ट तो अर्ज धरायचं. बक्षी आणि लोतिका सरकारांनी आग्र्याच्या महिला सुधारगृहातल्या हालांबद्दल १९८१ साली असंच पत्र पाठवलं, त्याचा खटला झाला. जनहित याचिका म्हणतात ती अशी रुजली. आज तिचा वापर बिल्डरही करतात आणि जंगलातून आपल्याला हाकला म्हणणारे शहरी वन्यजीवप्रेमीही करतात. त्यावर बोलायला बसले तर जेवण चुकेल.

वसुधाताईंचं वेगळेपण मला यात दिसतं. प्रोफेसर बरेच असतात. चांगले असतात, पण ग्रंथालयात असतात. ही बाई पुस्तकातलं कलम हातात घेऊन जिथे ते कलम लागायला हवं तिथे जायची. पोलीस ठाण्यात, तुरुंगात, धरणाच्या गावात. आणि बघायची, हे इथे आहे का? कुणाला माहीत आहे का?

१९८५ साली त्यांनी दिल्लीत एक संस्था काढली. नाव 'मल्टिपल ॲक्शन रिसर्च ग्रुप', सगळे 'मार्ग' म्हणतात. कायदा साध्या माणसाला साध्या भाषेत सांगायचा, हे तिचं मुख्य काम. सोप्या हिंदीत पुस्तिका काढल्या, गावोगाव प्रशिक्षणं घेतली. आपण हे शिबिर घेतोय त्याची वाट अशाच लोकांनी पाडलेली आहे.

याच संस्थेने सरदार सरोवराच्या बुडिताखाली जाणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांत पाहणी केली. त्या अहवालांचं नाव मला फार आवडतं. नावातच प्रश्न आहे. मध्य प्रदेशातले सरदार सरोवराचे विस्थापित, त्यांना काय माहीत आहे?

किती साधा प्रश्न! पण तोवर सरकारने तो विचारलाच नव्हता. किती हेक्टर बुडणार ते मोजलं. किती युनिट वीज निघणार ते मोजलं. ज्याचं घर बुडणार त्याला कुणी सांगितलंय का, कधी सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, त्याला किती जमीन मिळायची आहे हे त्याला ठाऊक आहे का, हे मोजलं नव्हतं. विचारत गेलं तर लोकांना कायद्याने जे सांगायलाच हवं होतं तेही पोचलेलं नव्हतं.

भूसंपादनाचा तेव्हाचा कायदा १८९४ चा, इंग्रजाचा. त्यात कलम ४ ची नोटीस निघाली की ३० दिवसांत हरकत घ्यायची असायची. नोटीस निघायची गॅझेटमध्ये. आता सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी गॅझेट डोळ्यांनी पाहिलंय? हात वर करा. एक. तेही गुरुजी. मग ३० दिवस कुणाचे मोजायचे? नोटीस चावडीवर लागली म्हणायचे, चावडी पाच कोसांवर. मुदत संपली की म्हणायचे, हरकत आली नाही, म्हणजे लोकांची संमती आहे.

पुन्हा तेच आलं ना! ओरडली नाही म्हणजे संमती. हरकत घेतली नाही म्हणजे संमती.

सरदार सरोवरात आपल्या महाराष्ट्रातली ३३ गावं आहेत, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, बहुतेक सगळी भिल्ल, पावऱ्यांची. वसुधाताईंनी अक्राणीच्या भिल्लांवरही लिहिलंय. २००६ साली त्यांचं आदिवासींच्या कायद्याच्या अनुभवावरचं पुस्तक आलं, त्यात संथाल परगण्याबरोबर सातपुड्यातल्या अक्राणीचा भाग आहे. त्याआधी छत्तीसगढमधल्या कोरब्यात कोळसा खाणी आणि कारखान्यांनी उठवलेल्या लोकांवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलं, ते २००३ चं. समान नागरी कायद्यावर, फौजदारी कायद्यावर अशीही पुस्तकं आहेत. सगळी इंग्रजीत. ही माझी तक्रार आहे, मराठीत यायला हवी होती. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या हातात ती पुस्तकं कधी पडणार? पण त्या पुस्तकांनी दिल्लीतल्या लोकांना सांगितलं की आदिवासीला कायदा कळत नाही असं नाही, कायदा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत नाही. हेही काही कमी नाही.

आता आपल्या डोंगरावर येऊ.

सिल्लोड, सोयगाव, कन्नड. अजिंठ्याच्या रांगेत आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निजामाचं राज्य होतं तेव्हा होते, त्याआधीही होते. पण नकाशात जंगल लागलं आणि आपण 'अतिक्रमणवाले' झालो. राज्य सरकारने १९७८ साली ठराव काढला, १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली अतिक्रमणं कायम करू. चांगला ठराव होता. पण पुरावा काय मागितला? सरकारी कागद. ज्याला जंगलात चोरासारखं ठेवलं त्याच्याकडे सरकारी कागद कुठून येणार? दंडाची पावतीसुद्धा फाडायचे नाहीत. कोंबडी न्यायचे, पैसे न्यायचे, पावती कशाची! म्हणून खरे कसणारे हजारोंनी बाहेर राहिले.

ठाणे, धुळ्याकडच्या संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९५ ला कोर्टाने सांगितलं की फक्त कागदावर अडून बसू नका, दुसराही पुरावा बघा. वाचताना मला सारखं १९७९ चं ते पत्र आठवायचं. जखमेची खूण नाही म्हणून खोटं ठरवू नका, पावती नाही म्हणून खोटं ठरवू नका, बोलणं एकच. मग मे २००२ मध्ये दिल्लीच्या वन खात्याचं परिपत्रक आलं, ३० सप्टेंबरपर्यंत सगळी अतिक्रमणं हटवा. देशभर झोपड्या पाडल्या. तुमच्यातल्या काहींनी ते भोगलंय. त्यानंतर मोठं आंदोलन झालं, आणि डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. २००८ च्या जानेवारीपासून नियम लागू आहेत.

या नियमांतला तेरावा नियम म्हणजे आपल्या त्या आजीचं म्हणणं. त्यात पुराव्यांची यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टी आहेच. गॅझेटियर, जनगणना, जुनी मोजणी, नकाशे आहेत. कोर्टात केस झाली असेल तर तिचे कागद चालतात. फॉरेस्टने पावती फाडली असेल तर तीही काढा, आज तीच कामाला येईल, कारण ती सांगते की त्या साली तुम्ही तिथे होता! आपल्या मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रक असतं, सेतवार असतं, तहसीलमधून नकला मागा. उर्दूत असेल तर वाचून देणारे आहेत, मला सांगा.

पण खरी गंमत पुढे आहे. जमिनीवर दिसणाऱ्या खुणा हाही पुरावा आहे. झोपडी, बांध, सपाट केलेलं वावर, विहीर, स्मशान, देवाचं ठाणं. वंशावळ चालते. आणि दावा करणाऱ्याला सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब, लिहून घेतलेला. म्हणजे आजी, तुझे पांढरे केस तुझ्या दाव्याला चालणार नाहीत, पण शेजारच्या दाव्याला चालतील. आणि त्याचे तुला. यादीतले एकाहून जास्त पुरावे बघून ठरवायचं आहे, म्हणून कमीत कमी दोन जोडा. एक जबाब, एक बांध, तरी झालं. दावा तपासणार कोण? आधी गावची वनहक्क समिती, म्हणजे तुम्ही. ठराव करणार ग्रामसभा. साहेब त्यानंतर.

हे सगळं लिहून आहे तरी काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. एका कार्यालयात मला सांगितलं, तुमचा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, मराठवाड्यात फक्त किनवटकडे ते आहे, इथे हा कायदा लागत नाही. साफ चूक. अनुसूचित क्षेत्राचा 'पेसा' कायदा वेगळा. वनहक्क कायदा आदिवासी जंगलात राहतो आणि त्यावर जगतो तिथे सगळीकडे लागतो. कुणी असं म्हणालं की भांडू नका. 'लिहून द्या' म्हणा. लिहून देत नाहीत, मी करून बघितलंय. दुसऱ्या ठिकाणी दाव्यावर शेरा, 'पुरावा अपुरा'. कोणता अपुरा, का अपुरा, काही नाही. असा शेरा मान्य करायचा नाही. कारण लेखी मागायचं. ग्रामसभेच्या ठरावावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करता येतं. तारीख कळलेल्या दिवशी वहीत लिहून ठेवा. ती ३० दिवसांची गोष्ट आत्ताच सांगितली ना? तसं आपल्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, कलम ४ पोटकलम ५. हे कलम पाठ करा, मुलांकडून पाठ करून घ्या. गार्ड आला की नुसतं कलम म्हणून दाखवलं तरी त्याचा आवाज खाली येतो, असा काही गावांचा अनुभव आहे.

बायांना वेगळं सांगते. वनहक्काचं प्रमाणपत्र नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतं. फॉर्मवर बायकोचं नाव लिहायला विसरू नका, विसरलात तर ते 'विसरणं' नसतं हे आम्हाला कळतं. समितीत तिसरा हिस्सा बाया असायला हव्यात. सहीपुरत्या नाही. जागेची पाहणी करायला बाया पुढे असू द्या. कुठला बांध कुणाच्या सासूने घातला हे त्यांनाच माहीत असतं.

वसुधाताईंबद्दल एवढंच बोलायचं होतं. कुणाला त्यांची पुस्तकं बघायची असतील तर इंग्रजी येणारी पोरं घेऊन या, वाचून अर्थ सांगू. मथुरा खटल्याच्या पत्राचं मराठी टिपण मात्र पुढच्या अंकासाठी करायचं ठरलं आहे.

आता असं करा. गावानिहाय गोल करून बसा. प्रत्येक गावाने आपल्या वस्तीतल्या साठीच्या पुढच्या माणसांची नावं लिहा, कोण कुणाच्या रानाबद्दल सांगू शकेल तेही लिहा. दावेदार आणि साक्षीदार एकच होऊ देऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ शाळेतली पोरं बसवलीत, त्यांना हळू सांगा, ती घाईत लिहितात. जेवण दीडला आहे. पाण्याचे माठ व्हरांड्यात ठेवलेत.